औषध म्हणून घेतलेली बाटली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे थोरले बंधू शेवगाव तालुक्यात राहतात. निवृत्त प्राथमिक शिक्षक. उभ्या आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. मधुमेह मात्र बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी एका एकादशीला पहाटे ते घामाघूम होऊन अंगणात पडले. दवाखान्यात नेलं, तर रक्तातली साखर फार खाली गेलेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, दारू घेता का?" दादा म्हणाले, "छे हो!"

ते खोटं बोलत नव्हते. वहिनींनी घरी कपाट उघडून दाखवलं तेव्हा कफ सिरपच्या शेजारी पोर्ट वाईनची बाटली निघाली. दादा दोन महिने रोज रात्री अर्धी वाटी घेत होते. शहरातल्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, "काका, ही दारू नाही. द्राक्षाचा रस आहे. हृदयाला चांगली, शुगरवाल्यांना चालते." दादांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. विद्यार्थ्याच्या वयाचा मुलगा, इतक्या आपुलकीने सांगतोय!

आता त्या बाटलीत काय होतं ते बघू. अस्सल पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली वाईन. आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाचा मद्यार्क घालतात. त्यामुळे आंबणं थांबतं, द्राक्षातली साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क साध्या वाईनपेक्षा वाढतो. साखर लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास असू शकते. आपल्याकडे गोव्याहून येणारी 'पोर्ट' तिचं नाव लावते आणि तशीच गोड असते. बाळंतिणीला, अशक्त माणसाला रक्तवाढीसाठी चमचाभर देण्याची पद्धत कितीतरी घरांत होती, अजूनही आहे. म्हणजे दुकानदाराने नवं काही रचलं नाही, आपल्याच जुन्या समजुतीवर त्याने गिऱ्हाईक केलं. आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांवर उपाशीपोटी मद्य गेलं, तर साखर एकदम खाली जाते. दादांचं तेच झालं. उपवास, वर गोळी, वर ती अर्धी वाटी.

नावांचा हा घोळ आपल्या अंगवळणी पडला आहे. 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन एका कोपऱ्यात, बाकी सगळी फळी व्हिस्की-रमची. त्या व्हिस्कीतली बरीचशी उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटवर केलेली. मळी म्हणजे काय ते आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्याला सांगायला नको! युरोपात अशा मालाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. इथे येतं.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य महिनाभर कानांवर आदळत होतं. आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी विरोध केला, १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलं, मग ते स्थगितही झालं. द्राक्ष बागायतदाराचं हित हा त्यातला खरा मुद्दा होता, तो मी नाकारत नाही. पण साध्या वाईनमध्येही शंभरातले बारा-तेरा भाग मद्यार्क असतो. बिअरपेक्षा जास्तच. बागायतदाराचं भलं करायला हे लपवण्याचं कारण काय?

कायदा दादांच्या बाजूने आहे. मद्याच्या बाटलीवर आरोग्याचा कोणताही दावा छापता येत नाही. उलट मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे, असा इशारा १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. तो या बाटलीवरही होता. दादांनी तो चष्मा लावून नंतर वाचला. पण छापील इशाऱ्याला काउंटरवरचा गोड आवाज सहज पुसून टाकतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटं विधान तोंडी केलं तरी ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही मिळतो.

अडचण पुराव्याची. मी दादांना घेऊन त्या दुकानात गेलो. मुलाने ओळखलं, पण म्हणाला, "काका, मी काय डॉक्टर आहे का? लोक मागतात, आम्ही देतो." बिल मागितलं तर हसला. दादांनी दोन महिन्यांत चार बाटल्या घेतल्या होत्या आणि एकदाही बिल मागितलं नव्हतं. मास्तरने बिल मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटे. त्या दिवशी मी आणखी एक बाटली विकत घेतली, बिलासाठी हटून बसलो आणि वीस मिनिटांनी ते मिळालं. त्याची छायाप्रत जोडून मी तक्रारीचा अर्ज लिहिला आहे. जुन्या चार बाटल्यांबद्दल मात्र दादांचा शब्द तेवढा आहे.

अर्जावर दादांनी अजून सही केलेली नाही. "चाळीस वर्षं पोरांना दारूबंदीवर निबंध सांगितला रे," म्हणाले, "आता आयोगासमोर सांगू, की मीच पीत होतो?" वहिनींचं म्हणणं, सही कराच. अर्ज त्यांच्या पंचांगात घालून ठेवला आहे. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.