जपानी शाळेतील दुपारचे जेवण

जपानच्या शालेय शिक्षणाची चर्चा बहुधा गणितातील प्रावीण्य, प्रवेशपरीक्षांची चुरस आणि शिस्त यांच्याभोवती फिरते; परंतु त्या शिक्षणाचा स्वभाव ओळखायचा असेल, तर वर्गात सर्वांनी मिळून घेतलेल्या दुपारच्या जेवणाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. ‘क्यूशोकु’ या नावाने ओळखले जाणारे हे शालेय भोजन तेथे अध्यापनाचाच एक भाग मानले जाते.

या प्रथेचा आरंभ १८८९ मध्ये यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे झाला असे मानतात. तेथे एका बौद्ध मंदिराच्या आवारात भरणाऱ्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवून भाजलेला मासा आणि मुरवलेली भाजी दिली जात असे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईत परदेशी मदतीतून आलेली दुधाची भुकटी आणि अमेरिकन गव्हाचा पाव यांच्या बळावर ही व्यवस्था पुन्हा उभी राहिली. मदतीचा ओघ आटल्यावर ती कोलमडण्याची भीती होती. मात्र पालकांनी व शिक्षकांनी तिचा आग्रह धरला आणि १९५४ मध्ये शालेय भोजन कायदा संमत झाला. १९७६ मध्ये ताटात भाताला अधिकृत स्थान मिळाले, तर २००५ मध्ये आहारशिक्षणाचा, म्हणजे ‘शोकुइकु’चा, स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच वर्षी आहाराचे शिक्षण देणाऱ्या पोषण-शिक्षकांचे पदही अस्तित्वात आले. भुकेवरचा तातडीचा उपाय म्हणून रुजलेली गोष्ट भूक सरल्यावरही टिकली, कारण तोवर समाजाने तिच्यात शिक्षण पाहिले होते.

हे शिक्षण प्रत्यक्षात कसे घडते, हे प्राथमिक शाळेच्या वर्गात दिसते. सकाळचे तास संपले की त्या आठवड्याची पाळी असलेली मुले पांढरे डगले, टोप्या आणि मुखपट्ट्या घालतात, स्वयंपाकघरातून आलेली भांडी वर्गात आणतात आणि आपल्या सोबत्यांना वाढतात. वर्गशिक्षकही तेच अन्न, त्याच वेळी, मुलांबरोबर घेतात; त्याआधी मुख्याध्यापकांनी किंवा अन्य जबाबदार व्यक्तीने ते चाखून पाहिलेले असते. ‘इतादाकिमासु’ असे कृतज्ञतेचे शब्द एकसुरात म्हटल्याशिवाय कोणी घास घेत नाही. पाळी संपली की मूल आपला डगला घरी नेते आणि पुढच्या मुलासाठी धुऊन, इस्त्री करून परत आणते. पाठ्यपुस्तकातील धड्याने जे सांगायचे, ते या एका डगल्यामुळे अंगवळणी पडते.

खर्चाची विभागणीही विचारपूर्वक केलेली आहे. स्वयंपाकघर आणि कर्मचारी यांचा भार शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने उचलावा आणि शिधासामग्रीचा खर्च पालकांनी द्यावा, अशी कायद्याची मूळ मांडणी आहे. गरजू कुटुंबांना साहाय्य मिळते आणि अनेक नगरपालिकांनी हे भोजन विनामूल्यही केले आहे.

या व्यवस्थेने कठोर धडेही घेतले आहेत. १९९६ मध्ये साकाई शहरात ओ-१५७ या जीवाणूमुळे हजारो विद्यार्थ्यांना विषबाधा झाली आणि काही मुले दगावली. त्यानंतर स्वच्छतेचे नियम कडक झाले आणि प्रत्येक दिवसाच्या अन्नाचे नमुने उणे २० अंशांखाली दोन आठवडे जपून ठेवणे हा रिवाज पक्का झाला. २०१२ मध्ये तोक्यो महानगरातील चोफू येथे दुधाची ॲलर्जी असलेल्या विद्यार्थिनीचा शाळेतील जेवणानंतर मृत्यू झाला, तेव्हा सर्वांना एकच अन्न देण्याच्या आदर्शाला वैयक्तिक काळजीची जोड हवी, हे देशाला तीव्रतेने जाणवले. ताटातील सर्व काही संपवण्याची सक्ती काही मुलांना जाचक होते, ही टीकाही रास्त आहे.

या मर्यादा ध्यानात घेऊनही या प्रयोगाचे मोल कमी होत नाही. श्रीमंत-गरीब घरांतील मुलांनी तेच अन्न एकत्र घ्यावे, एकमेकांना वाढावे आणि नंतर भांडी आवरावीत, या नित्यक्रमातून समता आणि श्रमप्रतिष्ठा यांचा सराव होतो. मुलांना जेवू घालणे हे ज्या समाजाला शिक्षकाच्या कामाच्या कक्षेतले वाटते, त्याने त्या कामासाठी वेळ, पैसा आणि प्रशिक्षित माणसे पुरवण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. जपानने ती कायद्याने पत्करली, आणि म्हणूनच त्याच्या शालेय भोजनाचा अभ्यास शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तेथील गणिताइतक्याच गांभीर्याने करावयास हवा.