रंगमंदिर कोणासाठी बांधावयाचे?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या जागेवर सभागृह उभारावयाचे, हा संकल्प आता सर्वमान्य झाला आहे. मतभेद आहे तो त्याच्या स्वरूपाविषयी. मंगल कार्यालय बांधावे म्हणजे भाड्यातून खर्च निघेल, असा एक पक्ष. नाटक, कीर्तन, गायन, चित्रकला यांना हक्काचे स्थान लाभावे, असा दुसरा. आम्हांस दोन्ही पक्षांपुढे तिसराच प्रश्न ठेवावयाचा आहे. या वास्तूचे दार कोणाकोणासाठी उघडणार, आणि पन्नास वर्षांनीही ते उघडे राहील काय? आराखडा काढण्यापूर्वीच याचे उत्तर दिले पाहिजे; कारण भिंत एकदा उभी राहिली म्हणजे ती कोणाचे ऐकत नाही.

आपल्याकडील सर्वांत जुने रंगस्थान म्हणजे देवळाचा सभामंडप. कीर्तन, भजन, गायन तेथेच वाढले. परंतु ज्यांच्या अभंगांनी तो मंडप दुमदुमला, त्या चोखोबांची समाधी पंढरपुरास देवळाच्या आत नाही, पायरीशी आहे. ते मंदिर सर्वांना खुले व्हावयास सन १९४७ आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. कला आत आणि कलावंत बाहेर, हा आपला जुना दोष आहे. नवी वास्तू बांधताना तोच दोष नव्या विटांनी पुन्हा रचला जाऊ नये.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचे. राजर्षी शाहू महाराज सन १९०२ मध्ये युरोपास जाऊन आले. पुढे १९१२ साली खासबाग मैदान आणि १९१५ साली पॅलेस थिएटर अशा दोन वास्तू त्यांनी एकमेकींच्या शेजारी उभ्या केल्या. एकीकडे मल्ल, दुसरीकडे नट. मैदानात मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, म्हणजे अगदी मागे बसलेल्या खेडुतासही डाव स्पष्ट दिसावा. शेवटच्या माणसाचा विचार आधी करावयाचा, हेच या रचनेचे मर्म होय.

याच नाट्यगृहास पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येसच, तेथे आग लागून रंगमंच व छत भस्मसात झाले. पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. परंतु आपण त्यातून धडा घ्यावयास हवा. पडदे, लाकूड, विजेच्या तारा आणि प्रखर दिवे एकत्र नांदतात तेथे दक्षता हीच खरी पायाभरणी. दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी हवीत, वाटा मोकळ्या हव्यात, तारांची तपासणी दरवर्षी हवी. बांधण्यास देणगी सहज मिळते, सांभाळण्यास मिळत नाही. म्हणून दुरुस्तीनिधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा.

आता आराखड्याकडे वळू. प्रेक्षागृहाकडे नेणारा उतार आजकाल बहुतेक ठिकाणी केला जातो. रंगमंचाकडे नेणारा मात्र क्वचितच आढळतो. जणू चाकांच्या खुर्चीवरील माणसाने टाळ्या वाजवाव्यात, स्वतः गाऊ नये! सार्वजनिक इमारती अपंगांना सुगम असाव्यात, असे २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम सांगतो. एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार, हे सर्वमान्य प्रमाण आहे. रंगमंच तीन फूट उंच असेल तर छत्तीस फूट उतार लागेल. ही जागा आज राखली तर खर्च थोडा. उद्या भिंती फोडून काढावी लागली तर तो अनेक पटींनी वाढेल. श्रवणयंत्रास थेट आवाज पोचविणारी तारही जमिनीखालून टाकता येते. फरशी बसविण्यापूर्वी तिची आठवण ठेवावी.

स्त्रियांची सोय हीही दयेची बाब नव्हे. एके काळी आपल्या बहुतेक नाटकमंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले, तेव्हा स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. आज लेकी-सुना रंगमंचावर येतात, तरी स्वतंत्र रंगपट, स्वच्छतागृह आणि तान्ह्या मुलास निजविण्याची खोली यांचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही. दार उघडे असूनही स्त्रिया न येण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आकाराविषयीही बोलले पाहिजे. हजार खुर्च्यांचा मोह आवरावा. मुंबईत जुहू येथील पृथ्वी थिएटर १९७८ मध्ये सुरू झाले. तेथे आसने सुमारे २००, आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंस. लहान जागेत ध्वनिक्षेपकावाचून आवाज पोचतो, विजेचा खर्च आटोक्यात राहतो आणि नवशिक्यास रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटत नाही. तालमीच्या खोलीस समोरासमोर खिडक्या असाव्यात, छतावर सौरपट्ट्या बसवाव्यात, पावसाचे पाणी टाकीत उतरवावे. लग्नसराईत भाडे अवश्य घ्यावे. परंतु आठवड्यातील एक सायंकाळ तालमीसाठी विनामूल्य राखावी, आणि मुहूर्तांची नोंद सुरू होण्यापूर्वी ती वहीत लिहावी.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी. आमच्या देणग्यांतून बांधलेली वास्तू इतर ज्ञातींना का द्यावी? सार्वजनिक मनोरंजनाच्या स्थळी जातीवरून प्रवेश नाकारू नये, असे आपल्या संविधानाचा पंधरावा अनुच्छेद सांगतो. पण केवळ कायद्याच्या धाकाने दार उघडावे, हे आपणांस शोभणारे नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. बालगंधर्व आणि केशवराव, भिन्न ज्ञातींत जन्मलेले, भिन्न मंडळ्यांचे धनी, एका रंगमंचावर उभे राहिले. ती रात्र मराठी माणूस शंभर वर्षे विसरलेला नाही. दोघांनी आपापल्या ज्ञातीपुरतेच गावयाचे ठरविले असते, तर आज आठवण्याजोगे काय उरले असते? शिवाय, ज्या गुणी मुलीस केवळ आपल्याच आप्तांपुढे गावे लागते, तिची स्तुती होते, परीक्षा होत नाही. खुल्या दाराचा पहिला लाभ आपल्याच मुलांना होणार आहे.

म्हणून आमची मंडळास नम्र विनंती अशी: रंगमंचापर्यंत उतार, स्त्रियांची स्वतंत्र सोय, वेगळा दुरुस्तीनिधी, तालमीची राखीव सायंकाळ आणि सर्वांस समान दराने प्रवेश, ही पाच कलमे आराखडा मंजूर होण्यापूर्वी ठरावात यावीत. दात्यांची नावे संगमरवरावर कोरावीत, त्यास आमची हरकत नाही. परंतु त्या शिळेखालून कोण आत जाऊ शकला, यावरूनच पुढील पिढी आपली परीक्षा करील.