मदत येण्यापूर्वीची मिनिटे



१५ जून २०२५ रोजी आपल्या तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. चार जीव गेले, पुष्कळजण वाचले. त्या दिवशी सरकारी बचाव पथकांच्या खांद्याला खांदा लावून मावळातील स्वयंसेवक राबले. पगार नाही, तरी हाक येताच धावणारी ही मंडळी. असे काम नुसत्या हिमतीवर होत नाही. त्यास सराव लागतो.

परंतु बंब वा रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्याच्याच हाती असतात. तेव्हा आपण काय करतो? भाजलेल्या लेकराला टूथपेस्ट फासतो. वास्तविक भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावयास हवा. कढईतील तेल पेटले की पाणी ओततो आणि भडका वाढवितो. गॅस बंद करून झाकण ठेवावयास हवे. रस्त्यावर जखमी दिसला तर चौकशीच्या भीतीने बाजूला होतो. मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे.

याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभा राहिला. मी पैसा मागत नाही. प्रत्येक घरातील एका माणसाचा एक रविवार मागतो. प्रथमोपचार शिका, मुलींनाही शिकवा. १०८ व ११२ हे क्रमांक लहानग्यांकडूनही पाठ करून घ्या.

आपल्या शाळेत असा वर्ग भरला, तर पहिल्या बाकावर मी स्वतः बसेन.