सेंधव्याच्या वाटेवरचा कापूस



सेंधवा हे गाव मध्य प्रदेशात आहे. धुळ्याहून आग्रा रस्त्याने निघालात की शिरपूर लागते, मग पळासनेरची हद्द, आणि घाट चढून गेले की सेंधवा. गाव फार मोठे नाही, पण तिथे कापसाच्या जिनिंगांची मोठी पेठ उभी राहिली. ही पेठ वाढली ती नुसत्या तिकडच्या कापसावर नव्हे. तिच्या वाढीला आपल्या मुंबईच्या सरकारने केलेल्या एका कायद्याचाही हातभार लागला. कसा, ते आज पाहू.

आधी थोडे जिनिंगविषयी. एक क्विंटल कापूस जिनात घातला की सुमारे 34 किलो रुई निघते. बाकीची बहुतेक सरकी. रुईची एक गाठ 170 किलोची. तेव्हा एका गाठीला कापूस किती लागेल, हे गणित शिक्षक मित्रांनी वर्गात जरूर घालावे. उत्तर पाच क्विंटलच्या आसपास येईल. पण खरे गणित पुढेच आहे. त्या पाच क्विंटलांवर मापाडी, हमाल, कापूस निवडणाऱ्या बाया, गाठी बांधणारे, ट्रकवाले, एवढ्या सगळ्यांचा रोज निघतो. सरकी घाणीवर जाते, तेल निघते, ढेप आपल्या म्हशीपुढे येते. म्हणून कापूस ज्या गावी पिंजला जातो, त्या गावात पैसा फिरतो. जळगाव, धुळे, अमळनेर ही गावे अशीच वाढली. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आणि त्याच सुमारास रेल्वेही खानदेशात आली.

पण या भरभराटीत शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले? पेरणीला पैसे व्यापाऱ्याचे, म्हणून कापूसही त्याच्याच वखारीत, आणि भाव तो सांगेल तो. हे मोडावे म्हणून महाराष्ट्र सरकारने 1971 मध्ये कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारच्या केंद्रावरच आणायचा; दुसऱ्या कोणी तो घ्यायचा नाही. भाव आधी जाहीर. दलाल मध्ये नाही. हेतू चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता या योजनेला नावे ठेवण्याची एक रीतच पडली आहे. बाजार पडलेल्या सालात हमीच्या भावाने अनेकांची घरे सावरली, हे जुनी माणसे विसरलेली नाहीत.

अडचण पुढे झाली. चुकारा हप्त्याहप्त्याने मिळायचा, त्यातून निधीसाठी कपात व्हायची. पोरीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज मात्र हप्त्याने थांबत नाही! इकडे जिनिंगचा मालक नुसता मजुरीवर कापूस पिंजून देणारा झाला. माल त्याचा नाही, नफा त्याचा नाही; मग त्याने नवी यंत्रे कशासाठी आणावीत? अडत्याचे दुकान तर बंदच झाले.

आता ती हद्द आठवा. कायदा महाराष्ट्राचा, पण बाजार साऱ्या देशाचा. ज्या वर्षी बाहेर भाव चढा, त्या वर्षी आपला कापूस रात्रीच्या गाडीने पळासनेर ओलांडून जायचा. ज्या वर्षी बाहेर भाव पडलेला, त्या वर्षी उलट बाहेरचा कापूस इकडे यायचा आणि आपला म्हणून सरकारी काट्यावर चढायचा. म्हणजे सरकारच्या पदरी कापूस मोठ्या प्रमाणात पडायचा तो नेमका तोट्याच्या सालात. तोटा वाढत वाढत हजारो कोटी रुपयांवर गेला आणि 2002-03 च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी झाली. एकाधिकाराच्या जवळजवळ तीस वर्षांत मजुरी, सरकी आणि ढेप यांचा बराच धंदा घाटापलीकडे जाऊन बसला होता.

नंतर खानदेशात नवी जिनिंगे उभी राहिली. मात्र याचे सगळे श्रेय खुल्या बाजाराला देता येणार नाही. 2002 मध्येच बीटी कापसाच्या बियाण्याला परवानगी मिळाली आणि पीकही वाढले. गंमत अशी की, पुढे मध्य प्रदेशातला मंडीचा कर जड वाटू लागला, तसे सेंधव्याचे काही जिनवाले आपल्या बाजूला जागा शोधू लागले. घाट तोच, वाहतुकीची दिशा तेवढी बदलली.

आता अगदी अलीकडचे घ्या. परदेशी रुईवर 11 टक्के आयात शुल्क होते. केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये ते माफ केले आणि मग ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर कर बसवला होता, तेव्हा त्यांची ओरड खोटी नव्हती. पण दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ म्हणजे आपल्या वेचणीचा काळ.

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये हमीभाव होता. तुम्ही म्हणाल, मग काळजी कसली? काळजी ओलाव्याची. भारतीय कापूस महामंडळ पूर्ण भाव देते ते 8 टक्के ओलाव्यापर्यंत, पुढे कपात करते, आणि 12 टक्क्यांवर गेला तर कापूस घेतच नाही. पहिल्या वेचणीचा कापूस दवाने, पावसाने ओलाच असतो. ज्याच्या घरी कोरडी खोली आहे आणि दुकानदाराची उधारी नाही, तो महिनाभर थांबतो. ज्याच्याकडे ती खोली नाही, तो खेडा खरेदीला दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस टाकतो आणि त्याच संध्याकाळी उधारी भागवतो.