चार आण्यांची जागा

सिनेमा थेटरात पाहावा की घरी, हा प्रश्न आवडीनिवडीचा म्हणून मांडला जातो. आम्हांला तो प्रथम खिशाचा वाटतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे प्रथम दाखविली गेली, तेव्हा तिकीट होते १ रुपया. पुढे काही दिवसांतच खेळ नॉव्हेल्टी थेटरात गेले आणि तेथे ४ आण्यांची जागा निघाली. अशा स्वस्त जागांमुळेच सिनेमा सामान्यांचा झाला. आज चौघांनी मल्टिप्लेक्सला जायचे, तर मजुराची दिवसाची कमाई पुरत नाही. तो घरी मोबाइलवर पाहतो, म्हणून त्याला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

परंतु घरच्या पडद्याचा हिशेब घरातल्या बाईला विचारा. चित्र ऐन रंगात आले, की चहा ठेवायला तीच उठते. थेटरात तिला तीन तासांची हक्काची रजा मिळते. शिवाय तेथे अनोळखी माणसांबरोबर आपण हसतो, रडतो. एकत्र बसण्याची ही सवय मोडणे समाजाला परवडणारे नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: आजारी व वृद्ध यांना घरचा सिनेमा लखलाभ असो, पण प्रत्येक थेटरात स्वस्त रांगा हव्यात, ही मागणी आपण सोडता कामा नये.