चतुर टिपताना



हेब्बाळच्या तळ्याकाठी चतुराचे छायाचित्र घ्यावयाचे, तर सूर्योदयालाच जावे. रात्रीच्या गारव्याने त्याचे स्नायू आखडलेले असतात. उन्हाची ऊब मिळेपर्यंत तो सहसा उडत नाही. इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा जेमतेम काही मिलिमीटरांचा उरतो. म्हणून भिंगाचे छिद्र एफ ११ पर्यंत लहान करावे, कॅमेरा त्याच्या देहाला समांतर धरावा आणि नेम डोळ्यावर साधावा. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म खर्ची पडत नाही. दहा चित्रे फसली तरी खंत नको. मात्र चित्रासाठी त्या जिवाला शीतपेटीत गोठवू नये. आणि घरी मुलांना चित्र दाखविताना ‘चतुर’ हा शब्दही द्यावा. या परमुलखात तो त्यांना आपल्यावाचून कोण देणार?