मुलांच्या हाती त्यांची स्वतःची लेखणी द्या

(वसई तालुक्यातील शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत केलेले भाषण)

वाडीची व बंदरावरची कामे टाकून तुम्ही येथे आलात, म्हणून लांबण न लावता मुद्द्यावर येतो.

मध्यंतरी आमच्या पाहण्यात पाचवीतल्या एका मुलीची वही आली. निबंधाचा विषय ‘माझी आई’. तीत लिहिले होते की, माझी आई पहाटे उठून देवपूजा करते, आम्हांस शिरा करून देते आणि दुपारी पुस्तक वाचत बसते. त्या मुलीची आई आमच्या ओळखीची. ती बिचारी पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजार गाठते, ती उन्हे चढल्यावर परत येते. आम्ही विचारले, “बाळ, ही कोणाची आई?” ती म्हणाली, “गाइडातली. असं लिहिलं म्हणजे गुण मिळतात.” “मग तुझ्या आईचे का नाही लिहिलेस?” मुलीने मान खाली घातली व म्हणाली, “वर्गात हसतात.”

बंधूंनो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे काय? आमच्या वाडवडिलांच्या हाती लेखणी पडू दिली नाही, म्हणून आम्ही आजवर रडलो. आज लेखणी हाती आली, पण तिच्यातून शब्द मात्र दुसऱ्याचे उतरतात! घाम गाळणाऱ्या आईची जिला लाज वाटू लागली, ती मुलगी शिकली असे कोणी म्हणावे?

आता दुसऱ्या एका मुलीची हकीकत ऐका. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत मुक्ताबाई नावाची मांग जातीची मुलगी शिकत होती. शाळेत येऊन तिला तीनएक वर्षेच झाली होती. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. तिने गाइड उतरले नाही. आपल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसते, हे तिने लिहिले. वेदांवर जर आमचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने केला. आज पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी तो निबंध लोक वाचतात. त्या पोरीला विद्वत्ता कोठून आली? तिच्या गुरूंनी तिला अक्षर दिले, आणि जे पाहिलेस ते लिही म्हणून धीर दिला, एवढेच.

त्याच 1855 साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिचे घर कसे धुऊन नेतो, आणि शेवटी ती नवराबायको शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय कसा करतात, हे त्यात आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे ते पाठविले, तेथे नामंजूर झाले, आणि छापून लोकांपुढे यावयास 1979 साल उजाडले. सव्वाशे वर्षे आमचे नाटक अंधारात राहिले! आता ते उपलब्ध आहे. मग आमच्या शाळांतून ते मुलांपुढे का वाचले जाऊ नये?

त्याला रंगमंदिर नको की पोशाख नकोत. शाळेची पडवी पुरे, पडद्याला एक घोंगडी पुरे. गुरुजींनी नाटक मोठ्याने वाचावे, मुलांना सोंगे वाटून द्यावी, आणि शेवट येण्यापूर्वी पुस्तक मिटावे. मग मुलांना सांगावे, “ही बाई आता काय करील? पुढचे तुम्ही लिहा.” नाटकात एक विदूषक मधून मधून येऊन खरे खोटे उघड करतो. आजच्या बाजारात, कचेरीत, लग्नकार्यात तो विदूषक उभा राहिला तर काय बोलेल, हे मुलांना लिहू द्यावे. पहिल्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घ काढू नये. रोप रुजण्याआधी खुरपे चालविले तर रोपच उपटून येते, हे वाडीवाल्यांना सांगावयास नको. शुद्धलेखन दुसऱ्या प्रतीत पाहावे.

जुनी संस्कृत नाटकेही आम्ही का टाकावी? शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ घ्या. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा मुलगा मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत घालते. त्याच नाटकात गवळ्याचा पोर आर्यक राजा होतो. कुंभाराच्या मुलाला सांगा, ती मातीची गाडी कोणी घडविली, ते तू लिही. बघा, त्याची लेखणी कशी धावते ती!

आणि आपल्या पायांखाली काय आहे? सोपाऱ्यास 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोक राजाच्या आठव्या आज्ञेचा शिलातुकडा मिळाला. शिकारीची चैन सोडून मी लोकांच्या भेटीला फिरतो, असा त्या आज्ञेचा आशय आहे. त्याच साली जेथे बौद्ध स्तूप खणून काढला, त्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचे कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्याचा राजा लोकांच्या तोंडी होता! तो राजा अशोक आज बंदरावर आला, तर बुरूड, कोळी, वारली, आगरी त्याला काय सांगतील? असा विषय द्या, म्हणजे गाइड आपोआप मिटेल.

कोणी म्हणेल, आमची मुले घरी वाडवळी, कादोडी, कोळी, आगरी बोलतात, अशुद्ध लिहितील. आम्ही विचारतो, अशोकाने आपली आज्ञा कोणत्या भाषेत कोरविली? लोकांच्या प्राकृतात. ‘मृच्छकटिका’तली बहुतेक पात्रे आपापल्या प्राकृत बोलींत बोलतात, म्हणून ते नाटक कोणी अशुद्ध ठरविले काय? आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादेस मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते 2024 साली निवर्तले. वसईच्या गावचा माणूस त्या खुर्चीवर बसू शकतो, हे आपल्या मुलांना सांगा. पात्राच्या तोंडी घरची बोली, निवेदनात शाळेची मराठी, दोन्ही मुलाला आल्या पाहिजेत.

दुसरा आक्षेप पोटाचा. गोष्टी लिहून भाकर मिळते काय? भाकर लगेच मिळत नाही, हे खरे. पण ज्याला आपली हकीकत नीट मांडता येते, त्याला तलाठ्याकडचा अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागत नाही, आणि पुढे ठेवलेल्या कागदावर तो न वाचता अंगठा किंवा सही करीत नाही. वाड्यांच्या जागी इमारती उठत असता, जमिनीचे कागद रोज फिरत असता, या गोष्टीची किंमत तुम्हांला आम्ही काय सांगावी? ‘तृतीय रत्ना’तली बाई नागवली गेली ती अज्ञानामुळे.

आता तुमच्याकडे एकच मागणे आहे. आठवड्यातून एक रात्र जेवणानंतर दिव्यापाशी बसा. स्वतःला लिहिता येत नसेल तर लाजू नका. बैल कसा गेला, होडी कशी वाचली, आजीने दुष्काळ कसा काढला, ते तुम्ही सांगा व मुलाला लिहू द्या. मग त्याच्याकडून वाचून घ्या, आणि चुकले असेल तेथे “असे नव्हते रे बाबा” म्हणून सांगा. घरातला आजा व नातू मिळून ही शाळा चालवू शकतात. तिला फी नाही.

त्या मासळीवालीच्या मुलीला आम्ही तिचा निबंध पुन्हा लिहावयास सांगितले. तिने सातच ओळी लिहिल्या. त्यांत आईच्या पायांच्या भेगा होत्या, बर्फाचे पाणी होते, पाटी उतरल्यावर आई कशी हसते तेही होते. तिने तो आईला वाचून दाखविला. त्याला गुण किती पडले, हे आम्ही विचारले नाही. बंधुभगिनींनो, अशा सात ओळी प्रत्येक घरातून निघू द्या.

सत्याचा जय असो!